मिटल्या पंखांचा पाणकावळा

मुळशीच्या भैरू शेडग्याला मुंबईतल्या एका जुन्या वस्तुसंग्रहालयात शिपायाची नोकरी लागली, तेव्हा तिथं मेलेली जनावरं जपून ठेवतात हे त्याला ठाऊक नव्हतं. पहिली दोन वर्षं त्यानं काचा पुसल्या, सकाळी दारं उघडली आणि संध्याकाळी लावली. मग प्राण्यांत पेंढा भरायच्या खोलीत एक माणूस कमी पडला. तिथले मुख्य होते आठल्येसाहेब. त्यांनी भैरूला बोलावून विचारलं की रक्ताची किळस येते का. भैरू नाही म्हणाला. त्या दिवसापासून तो त्या खोलीतला झाला, आणि ह्या गोष्टीच्या वेळेपर्यंत त्याला तिथं चौदा वर्षं होऊन गेली होती.

काम त्याच्या हातात बसलं. कातडं सोलायचं, आतल्या बाजूनं औषधी साबण चोळायचा, तारेचा सांगाडा करायचा, त्यावर काथ्या गुंडाळून अंगाचा आकार आणायचा आणि वर कातडं चढवून शिवायचं. शिवण दिसता कामा नये. भैरूची दिसत नसे. पण प्राणी उभा कसा राहील, मान कुणीकडं वळवील, हे ठरवायचं काम साहेबांचं. साहेब पुस्तकं पाहून कागदावर चित्र काढून देत आणि भैरू त्याबरहुकूम तार वाकवी. त्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही.

संग्रहालयात एक सील होता. कुण्या गोऱ्या कप्तानानं साठेक वर्षांमागं थंड समुद्रातून आणून दिलेला. माणसाएवढा लांब, मधे पिंपासारखा फुगलेला, तोंड कुत्र्याचं, कान मात्र नाहीत. करड्या अंगावर काळे ठिपके. भरणाऱ्यानं त्याला पुढच्या दोन पंजांवर रेलून छाती वर काढलेला असा बसवला होता, दारात राखण करणाऱ्या कुत्र्यासारखा. दर सोमवारी संग्रहालय बंद असे आणि भैरू मऊ कुंचल्यानं त्याची धूळ काढी. त्याच्या मागच्या पायांपाशी आला की भैरूचा हात थांबे. ते पाय पार शेपटीला लागून होते, मागं वळलेले, हात जोडावेत तसे एकमेकांना चिकटलेले. त्यांच्यावर उभं राहणं त्या जनावराला जन्मात जमलं नसतं. असले पाय देवानं कशाला दिले असतील, असं त्यानं एकदा साहेबांना विचारलं. पोहायला, एवढंच साहेब म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले.

अठ्ठावन्न साली संग्रहालयात नवं दालन निघालं. त्यातल्या एका काचेच्या कपाटात बुडी मारून मासे धरणारे दोन जीव शेजारी शेजारी ठेवायचे ठरले, एक पक्षी आणि एक सस्तन प्राणी. बघणाऱ्यांनी दोघांची तुलना करावी, काय सारखं आणि काय वेगळं ते ताडावं, असा साहेबांचा विचार होता. सील होताच. पक्षी म्हणून साहेबांनी पाणकावळा निवडला, पण संग्रहालयातला पाणकावळा कसरीनं खाल्लेला. नवा कुठं मिळेल अशी चौकशी चालली तेव्हा भैरूनं सांगितलं की आमच्या गावच्या धरणात ते ढिगानं आहेत. साहेबांनी त्याला आठ दिवसांची रजा दिली, साबणाचा डबा दिला आणि एक चित्रही दिलं. चित्रात पाणकावळा पाण्याखाली होता आणि दोन्ही पंख फाकून, आभाळात उडावं तसा पाण्यात उडत होता.

फाल्गुनातले दिवस होते. भैरू पुण्याहून एसटीनं पौडला आणि तिथून दुसऱ्या गाडीनं गावी पोचला. थोरला भाऊ वारल्यापासून घर आणि शेत वहिनीच बघत होती. चंद्राबाई तिचं नाव. दीर कुठल्याशा कचेरीत आहे अशी तिची आजवर समजूत. त्यानं सीलसाठी जोडीदार न्यायला आलोय म्हणून सांगितल्यावर तिनं विचारलं, म्हणजे पौडच्या तहसिलात लाखेवर मारतात ते सील का? भैरूनं ते जनावर हातवारे करून दाखवलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली की असलं ध्यान मुंबईतच असायचं.

धरणाच्या काठाला वरच्या अंगाला कातकऱ्यांची वाडी होती. तिथला काळू भैरूच्या वयाचा. लहानपणी दोघांनी एकत्र गुरं राखली होती. काळू धरणात जाळी लावी. त्याची बायको भिमाबाई मासे घेऊन गावात फिरे. भैरू त्याच्या खोपटात गेला, काम सांगितलं आणि चित्र पुढं धरलं. काळूनं ते हातात घेतलं, उजेडाकडं केलं, बराच वेळ बघितलं.

"ह्यो पाणकावळा न्हाई," तो म्हणाला.

भैरूनं त्याला चोच दाखवली, गळा दाखवला.

"त्ये समदं बराबर हाय. पर पाण्यात त्यो पंख उघडत न्हाई. गच मिटून घेतो. उघडलं तर पानी त्येला वर ढकलंल का न्हाई?"

साहेबांनी पुस्तकं वाचूनच काढलं असणार, असं भैरू म्हणाला. काळूनं वाद घातला नाही. उद्या सकाळी होडक्यात ये, एवढंच त्यानं सांगितलं.

पाणी उतरायला लागलं होतं आणि धरणात गेलेल्या जुन्या शेतांचे बांध उघडे पडले होते. त्या दगडांवर पाणकावळे ओळीनं बसलेले, पंख दोन्हीकडं पसरून. भैरूनं बोट दाखवलं की हे बघ, उघडेच आहेत. काळू हसला. ते बाहेरचं झालं, तो म्हणाला. बुडी मारताना पिसं भिजतात, म्हणून वर आल्यावर वाळवत बसावं लागतं. बदकाचं तसं नसतं, त्याच्या अंगावर पाणी ठरतच नाही. पण म्हणूनच बदकाला ह्याच्याइतकं खोल जाता येत नाही.

भैरू होडक्यात पालथा पडला. पाण्यावरची चकाकी डोळ्यांना लागू नये म्हणून डोक्यावर घोंगडं घेतलं आणि काठावरून तोंड खाली घातलं. पहिला दिवस नुसता सावल्या बघण्यात गेला. पक्षी लांब बुडत आणि लांबच वर येत. दुसऱ्या दिवशी काळूनं होडकं एका बांधाच्या आडोशाला, कमरेइतक्या नितळ पाण्यात नेऊन गुमान उभं केलं. दुपारपर्यंत तिथंही काही झालं नाही. भैरूची मान आखडली. उठावं असं त्याच्या मनात आलं, तेवढ्यात त्याच्या तोंडाखालून हातभर अंतरावरून एक पाणकावळा गेला.

पंख अंगाला चिकटवलेले होते. मान लांब, सरळ. आणि पार मागं, शेपटीच्या बुडाशी, दोन्ही पाय एकदम पाणी मागं ढकलत होते. एक झटका, मग पक्षी सरकतोय, मग पुन्हा झटका. पुढच्या घटकाभरात भैरूनं तसं आणखी दोनदा बघितलं. तिसऱ्या वेळी त्याला पक्षी दिसेना, सीलच दिसायला लागला. ते मागं वळलेले पाय. सोमवारमागून सोमवार त्यानं ज्यांच्यावरून कुंचला फिरवला, ते पाय असे चालत असणार. आणि पुढचे पंजे, ज्यांवर भरणाऱ्यानं त्याला कुत्र्यासारखा रेलून बसवला होता, ते पाण्यात अंगालाच चिकटून राहत असणार, ह्या पंखांसारखे. तो उठून बसला. दिसला का, असं काळूनं विचारलं. भैरूनं नुसती मान डोलावली, कारण सील काळूला कुठून समजावून सांगायचा हे त्याला सुचेना.

दोन दिवसांनी काळूच्या जाळ्यात एक पाणकावळा अडकून बुडाला. भैरूनं गोठ्यामागं फळी मांडून तो सोलला. माशांचा असा वास सुटला की चंद्राबाईनं त्याचं जेवणाचं ताट ओसरीवरच ठेवलं, घरात येऊ दिलं नाही. पण कुतूहल तिलाही होतं. पदर नाकाला लावून ती गोठ्याच्या दारात उभी राहिली. भैरूनं तिला पाय दाखवले, किती मागं आहेत ते. हाडं हातात देऊन बघायला सांगितली, पाखराच्या मानानं किती जड. तो सीलसुद्धा ह्याच्यासारखाच जमिनीवर फरफटत चालत असणार, हेही सांगितलं.

"मंग दोगं सोयरं का एकमेकाचं?" तिनं विचारलं.

"न्हाई वैनी. ह्यो अंडी घालतो. त्या सीलाची मादी पिल्लाला दूध पाजती. ह्येला पिसं, त्येला चरबीचा थर, म्हून त्येला वाळत बसावं लागत न्हाई. रक्ताचं नातं काय न्हाई."

"मंग पाय असं सारकं कसं?"

"काम एकच हाय दोघाचं. पानी मागं ढकलायचं."

चंद्राबाई त्याच्या हातांकडं बघत होती. सुई चालत होती आणि कातड्याची एक बाजू बंद होत होती. भावजी, तुमचं हात शिंप्यावानी झालेत, ती म्हणाली. नांगराचे घट्टे असलेले हात तिनं ह्या घरात आजवर पाहिले होते. ती हे चांगलं म्हणून म्हणाली की वाईट म्हणून, ते भैरूला कळलं नाही.

मुंबईला परतल्यावर त्यानं साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. आठल्येसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी कधी कुणाला अरेतुरेपलीकडं टाकून बोललेलं भैरूनं ऐकलं नव्हतं. पण हे चित्र संग्रहालयाच्या समितीनं मंजूर केलेलं होतं, आणि ते काढताना त्यांनी बर्फातल्या एका पक्ष्याचं छापील चित्र समोर ठेवलं होतं. तो पक्षी खरंच पंखांनी पोहतो. पाण्यात बुडणारा पक्षी म्हणजे असाच असणार, असं त्यांनी धरून टाकलं होतं. शिवाय पक्षी म्हटला की लोकांना पंख दिसायला हवेत, असं त्यांचं म्हणणं. चित्राप्रमाणे कर, त्यांनी सांगितलं आणि मुलीच्या लग्नासाठी दहा दिवस पुण्याला गेले.

भैरूनं चित्राप्रमाणेच सुरुवात केली. पंखांच्या तारा कापल्या, फाकवून बसवल्या. कातडं चढवायच्या वेळी त्याचे हात चालेनात. दोन दिवस सांगाडा तसाच टेबलावर पडून राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं तारा आत वळवल्या, पंख अंगाला मिटवले, मान लांब केली, पाय मागं ताणले आणि शिवण घातली. मुद्दाम साहेबांचा शब्द मोडायचा असं त्याच्या मनात नव्हतं. चौदा वर्षांत त्यानं कधी मोडला नव्हता. पण जे डोळ्यांनी बघितलं होतं त्याच्या उलट हात नेणं त्याला जमेना.

साहेब परत आले आणि पक्षी बघून खुर्चीत बसले. त्यांचा आवाज चढला नाही. उलट इतका खाली गेला की भैरूला पुढं वाकून ऐकावं लागलं. पंख उघड, ते म्हणाले. कातडं वाळलंय, ओल्या फडक्यात चार दिवस ठेवावं लागेल, असं भैरूनं सांगून पाहिलं. आत्ता उघड, साहेब म्हणाले, संध्याकाळी समितीची माणसं यायची आहेत. भैरूनं उघडला. डावा पंख खांद्यापाशी टरकला आणि फाट छातीपर्यंत गेली. आतला काथ्या बाहेर आला.

साहेबांनी फाटलेल्या जागेवर हात ठेवला, उचलला. मग ते म्हणाले की चूक माझी आहे, कातडं वाळलेलं मला माहीत होतं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, तू खरंच बघितलंस? भैरू हो म्हणाला. मग मीच येतो बघायला, साहेब म्हणाले.

भैरूला धास्ती वाटली. पक्षी काही आपल्या सांगण्यावरून होडक्याखालनं जाणार नाही. नाही गेला तर साहेब मुळशीच्या उन्हात भाजून निघतील आणि आपण कायमचे खोटे ठरू. त्यानं गावी पोचल्यावर हे काळूला बोलून दाखवलं. काळूनं त्याला धीर वगैरे काही दिला नाही. मासे कुठं आहेत ते बघून येतो म्हणाला आणि होडकं घेऊन गेला.

साहेब काठावरच्या बंगल्यात उतरले होते. सकाळी टोपी घालून आले, टोपी काढून ठेवली आणि भैरूसारखेच होडक्यात पालथे पडले. भैरूनं त्यांच्या डोक्यावर घोंगडं टाकलं. पन्नाशीचा, चष्मा लावणारा माणूस, पण तक्रारीचा शब्द नाही. पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी काळूनं होडकं वेगळ्याच जागी, एका पडक्या विहिरीच्या कडेला नेलं. बारीक मासळी तिथं दाटलेली होती आणि पाणकावळे एकामागून एक बुड्या मारत होते. घोंगड्याखालून साहेबांचा हात तेवढा दिसत होता. तो हात अचानक होडक्याची कड घट्ट धरून राहिला. बराच वेळ ते हलले नाहीत.

उठले तेव्हा चष्म्याच्या काचांवर पाणी होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

"शेडगे, पंख उघडत नाही तो."

"न्हाई साहेब."

"पायांवर चालतं सगळं." ते पाण्याकडं बघत राहिले. "मग आपला सील चुकीचा बसवलाय. साठ वर्षं चुकीचा बसलाय."

"मला म्हैनाभर तसंच वाटतंय," भैरू म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"पाखराचंच ऐकलं न्हाईत तुमी."

हे भैरूच्या तोंडून निघून गेलं. वल्हं मारणारा काळू दुसरीकडं बघायला लागला. साहेबांनी मान खाली घातली. खरं आहे, असं ते म्हणाले.

दुसरा पक्षी काळूनं त्याच आठवड्यात मिळवून दिला. तो भैरूनं पंख मिटूनच भरला आणि ह्या वेळी समितीला साहेबांनी स्वतः समजावलं. सीलच्या बाबतीत मात्र साहेबांनी घाई केली नाही. आपण दोघांनीही जिवंत सील पाहिलेला नाही, हे त्यांनी भैरूला बजावलं. त्यांनी परदेशातल्या एका मोठ्या संग्रहालयाला पत्र लिहिलं. उत्तर यायला दोन महिने लागले. उत्तरासोबत फोटोही होते. पुढचे पंजे अंगाशी, मागचे पाय पोहायला, इथवर भैरूचा अंदाज बरोबर होता. पण सील पाणकावळ्यासारखे दोन्ही पाय एकदम मागं झटकत नाही. माशानं शेपूट हलवावं तसे ते डावीकडं उजवीकडं हलवतो. भैरूचं अर्धं खरं निघालं, अर्धं खोटं. त्यानं तो फोटो मागून घेतला आणि टेबलासमोर भिंतीला टाचला.

सील उलगडायला पावसाळा पुरा गेला. पोटाची शिवण उसवली तेव्हा आत पेंढा आणि पिवळी पडलेली इंग्रजी वर्तमानपत्रं निघाली. त्यांवर जहाजांच्या जाहिराती होत्या. कातडं ओल्या भुशात ठेवून ठेवून भैरूनं पंजे हळूहळू नरम केले. घाई कुणी करत नव्हतं, तरी डावा पंजा मनगटाशी तडकलाच. तो त्यानं प्लॅस्टरनं भरला, रंगवला. आजही उजेड बाजूनं आला तर ती रेघ दिसते, आणि भैरूला ती नेहमी दिसे.

दिवाळीच्या आधी सील आणि पाणकावळा कपाटात गेले. एका उंचीवर, एका दिशेनं तोंड करून, बारीक तारांवर टांगलेले. पाण्याऐवजी मागं निळा पडदा. खालचा मजकूर लिहिताना साहेबांनी भैरूला जवळ बसवून घेतलं आणि त्याला काय काय सारखं नि काय वेगळं वाटतं ते विचारलं. पाणकावळ्याची पिसं भिजतात आणि त्याला वाळत बसावं लागतं, हे वाक्य भैरूनं सांगितलं तसंच साहेबांनी घातलं.

मग नोंदवहीची वेळ आली. त्यात प्रत्येक नमुन्यापुढं, तो कुणी मिळवला, असा एक रकाना असतो. साहेबांनी 'भै. शेडगे' असं लिहायला लेखणी टेकवली. भैरूनं त्यांना थांबवलं. पक्षी काळूनं धरला, त्याचं नाव घाला, तो म्हणाला. साहेबांनी विचारलं, काळू कोण, आडनाव काय, बापाचं नाव काय? भैरूला सांगता येईना. एका रानात गुरं राखली, एकत्र पोहायला शिकले, आणि ह्या माणसाचं आडनाव त्यानं कधी विचारलं नव्हतं. गावात कुणीच विचारत नसे. साहेबांनी रकाना रिकामा सोडला.

दिवाळीला भैरू गावी गेला तो आधी वाडीवर गेला. भिमाबाई जाळं दुरुस्त करत बसली होती. काळू आत होता. भैरूनं त्याला आडनाव विचारलं, तसा तो जरा सावध झाला. कुणी नाव लिहून घ्यायला आलं की त्यामागं पोलीस चौकीचं काहीतरी असतं, असा त्याचा आजवरचा अनुभव. भैरूनं सगळं नीट समजावलं, कपाट, वही, रकाना.

"काळू धाकलू मुकणे," तो म्हणाला. "धाकलू बापाचं." मग त्यानं विचारलं, "कोन वाचनार त्ये?"

"कोन वाचंल न वाचंल. पर ऱ्हाईल तितं."

भिमाबाईनं विचारलं की त्या दुसऱ्या जनावराचं, त्या सीलाचं, मांस खातात का. थंड देशातली माणसं खातात असं ऐकलंय, भैरूनं सांगितलं. मग ते तिघं बराच वेळ माशांविषयीच बोलत बसले, कारण त्या वर्षी मळी मासा कमी मिळत होता.

सोमवारी संग्रहालय बंद होतं. भैरूनं कपाटावरून कुंचला फिरवला, हात धुतले, नोंदवही काढली आणि रिकाम्या रकान्यात स्वतःच्या हातानं तिन्ही शब्द लिहिले. अक्षर थोडं तिरपं आलं. साहेब येऊन मागं उभे राहिले होते. त्यांनी टीपकागद पुढं केला.